उणे तीस लाख

"कारखान्याची किंमत उणे तीस लाख आहे," असं दादानं जाहीर केलं तेव्हा आई चष्मा पुसत होती. तिनं पुसणं थांबवलं नाही. एक्याऐंशी वर्षांत तिनं याहून वाईट बातम्या ऐकल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या दादाच्याच तोंडून.

"उणे?" ताई म्हणाली.

"उणे. बाबांनी करारात काय लिहून ठेवलंय? 'भाग विकायचा झाल्यास कारखान्याची किंमत कमाईच्या दहापट धरावी.' परवाच्या वर्षी तीन लाखांचा तोटा झाला. त्याची दहापट उणे तीस. तुझा तिसरा हिस्सा, उणे दहा."

"म्हणजे मी माझे शेअर विकायचे, आणि वर तुलाच दहा लाख द्यायचे?"

"मी सवलत द्यायला तयार आहे," दादा म्हणाला, आणि हे बोलताना त्याला खरोखरच आपण फार उदार आहोत असं वाटलं.

रविवारची सकाळ होती. आईच्या घरातलं जेवणाचं टेबल कागदांनी भरलं होतं. वहिनी मुद्दाम बहिणीकडे निघून गेली होती, जाताना दादाला म्हणाली होती, "भांडा हवं तेवढं, पण मला नंतर काही सांगू नका." टेबलाच्या एका बाजूला दादा, समोर ताई आणि तिचा नवरा, आणि टोकाला बाळ. बाळ आता पन्नाशीला टेकला होता, पण घरात त्याचं दुसरं नाव कुणाला आठवतही नव्हतं. तो फुटबॉलच्या सामन्यांत पंच होता. शिट्ट्यांच्या कारखान्यात जन्मलेल्या मुलानं दुसरं काय व्हायचं?

"परवाचं वर्ष का?" ताई म्हणाली. "मागचं वर्ष काय मेलं होतं? मागच्या वर्षी चौसष्ट लाख नफा झाला. दहापट म्हणजे सहा कोटी चाळीस. माझा तिसरा हिस्सा दोन कोटींच्या वर जातो."

"मागच्या वर्षी अस्वल होतं!"

हे खरं होतं. मागच्या वर्षी शहराच्या कडेला कुणाला तरी अस्वल दिसलं. नगरपालिकेनं घाबरून घरटी दोन शिट्ट्या वाटल्या, आणि दादाच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम चाललं. साडेतीन महिन्यांनी ते अस्वल सापडलं. तो एका निवृत्त न्यायाधीशाचा काळा कुत्रा निघाला. पण तोवर शिट्ट्यांचे पैसे बँकेत जमा झाले होते.

"अस्वल दरवर्षी येतं का?" दादा म्हणाला. "अस्वलाच्या जिवावर भाव ठरवायचा? ते वर्ष वगळलं तर शेवटचं खरं वर्ष परवाचं."

"पैसे खरे होते ना? मग वर्षही खरं."

"ताईचं बरोबर आहे," बाळ मध्येच म्हणाला. त्याचाही तिसरा हिस्सा होता, आणि आपण दोन कोटींचे धनी आहोत हे त्याला आत्ताच कळलं होतं.

"तू गप्प बस. तुला उद्या दोन कोटी कुठून देऊ? बावीस माणसं घरी पाठवू?"

मग तिघंही एकदम बोलू लागले. बाळनं सवयीनं खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली. खोली हादरली. सगळे थांबले, पण दादाचं लक्ष आवाजाकडे नव्हतं. तो शिट्टीकडे बघत होता.

"ही आपली नाही."

बाळनं ती मुठीत लपवली.

"दाखव. बाळ, दाखव ती. प्लॅस्टिकची? आत मणी नाही? ही बाहेरून मागवलेली आहे! बाबांचा मुलगा मैदानात दुसऱ्याची शिट्टी फुंकतो?"

"दादा, आपलीचा मणी पावसात फुगतो रे. मागे एका अंतिम सामन्यात ऐन वेळी वाजलीच नाही. अकराच्या अकरा खेळाडू अंगावर आले होते."

दादानं डोक्याला हात लावला. त्या क्षणी त्याला उणे तीस लाखही जास्त वाटले.

*

जावई इतका वेळ एका कागदावर बारीक अक्षरात काहीतरी लिहीत होता. हवामान खात्यात चौतीस वर्षं काढून तो निवृत्त झाला होता. सासरी पाऊल टाकलं की सगळे त्याला 'आज पाऊस येईल का' एवढंच विचारत, आणि तोही 'सांगता येत नाही' एवढंच म्हणत असे. आज पहिल्यांदाच त्याला वाटलं की या घरात आपल्याला बोलण्यासारखं काहीतरी आहे.

"मी एक सांगू का?" तो म्हणाला. "एका दिवसाचा पारा बघून आम्ही गावाचं हवामान ठरवत नाही. एखादा दिवस वेड्यासारखा तापतो, एखादा गारठतो. पुष्कळ वर्षांची सरासरी काढावी लागते. कारखान्याचंही तसंच. मागचं वर्ष म्हणजे उन्हाची लाट, परवाचं म्हणजे थंडीची. दोन्ही ठेवा, पण दहा वर्षांत मिसळून ठेवा. बाबा गेल्यापासूनची दहा वर्षं घ्या. बेरीज करा, दहानं भागा. ती खरी कमाई. तिची दहापट करा."

"बरं," दादा सावधपणे म्हणाला.

"पण एक आहे. दहा वर्षांपूर्वीचे चार लाख आणि आजचे चार लाख एकच नव्हेत. तेव्हा चार लाखांत जे काम व्हायचं त्याला आज सहाच्या वर लागतील. म्हणून प्रत्येक वर्षाचा नफा आधी आजच्या महागाईच्या मापानं वाढवून घ्यायचा, आणि मगच बेरीज करायची. मी सरकारी आकडे आणलेत." त्यानं घडी केलेला एक तक्ता उलगडला. "वर्षाला सरासरी पाच टक्के महागाई."

"पाच?" आईनं चष्मा चढवला. सकाळपासून तिनं उच्चारलेला हा पहिला शब्द होता. "कोण म्हणतं पाच?"

"सरकार, आई."

"सरकार चपला घेतं का?"

जावई आपल्या तक्त्याकडे बघू लागला. चौतीस वर्षं सरकारी नोकरीत काढूनही या प्रश्नाचा त्यानं कधी विचार केला नव्हता.

आई उठली, आतल्या खोलीत गेली आणि बाळला हाक मारली. दोघांनी मिळून चपलांची खोकी आणून टेबलावर रचली. आई दरवर्षी एकाच दुकानातून, एकाच कंपनीची, एकाच मापाची, तपकिरी पट्ट्यांची चप्पल घ्यायची. चपला झिजून जात, पण खोकी तिनं एकही टाकलं नव्हतं. प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर साल.

"ही घ्या तुमची महागाई," ती म्हणाली. "तीच चप्पल, तोच माझा पाय. बाकी सगळं बदललं."

जावयानं पहिलं खोकं हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उजळला. दहा वर्षांपूर्वी पाचशे. मागच्या वर्षी हजार. "बरोबर दुप्पट," तो पुटपुटला. "सरकारी आकड्यापेक्षा ही नोंद स्वच्छ आहे." त्यानं आपला तक्ता घडी करून खिशात घातला.

खोकी रिकामी नव्हती. एकात बटणं होती, एकात विजेची जुनी बिलं, एकात दोरे. चौथ्यात कापसात गुंडाळलेले दात निघाले.

"तुमचे दुधाचे दात," आई म्हणाली. "तिघांचे मिसळलेत."

ताईनं त्यातला एक उचलून उजेडात धरला. ती दातांची डॉक्टर होती. "आई, हा दुधाचा नाही. ही मोठ्या माणसाची दाढ आहे. कुणाची?"

कुणालाच सांगता येईना. दाढ पुन्हा कापसात गेली आणि हिशेब पुढे सरकला.

*

ताई नवऱ्याच्या पेन्सिलीकडे बघत होती, आणि तिचा उजवा हात टेबलाखाली डाव्या हातात घट्ट धरलेला होता.

पहिल्या वर्षाचे चार लाख चपलेच्या मापानं आठ झाले. दुसऱ्याचे पाच लाख नऊ झाले. प्रत्येक आकड्यावर भांडण होतंच. दुसरं वर्ष धरू नये, असं दादा म्हणत होता, कारण तेव्हा शाळांच्या खेळांचे दिवस एकाच वर्षात दोनदा आले. सातवं धरू नये, असं बाळ म्हणत होता, कारण तेव्हा त्याचा पाय मोडला होता. मोडलेल्या पायाचा कारखान्याच्या नफ्याशी काय संबंध, हे त्याला सांगता आलं नाही. पण वर्ष वाईट होतं, यावर तो ठाम होता.

"कुठलंही वर्ष वगळायचं नाही," जावई म्हणाला. "आवडती वर्षं ठेवली नि नावडती काढली तर ती सरासरी नव्हे, आत्मचरित्र."

"एक खोकं कमी आहे," बाळ म्हणाला. "चौथ्या वर्षाचं."

"त्या वर्षी घेतल्या नाहीत," आई म्हणाली. "होत्या त्या चालल्या."

"हरकत नाही. आधीच्या वर्षी पाचशे नव्वद, नंतरच्या वर्षी सहाशे पासष्ट. मधलं सव्वासहाशे धरू. चौथ्या वर्षाचा नफा आठ लाख, आजच्या मापानं तेरा लाखांना थोडे कमी." जावयानं बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली. "सगळी मिळून एकशे तीस. सरासरी तेरा लाख. कारखान्याची किंमत एक कोटी तीस लाख. हिचा हिस्सा त्रेचाळीस लाखांच्या आसपास."

त्रेचाळीस. ताईनं दोन कोटी तेरा लाख मागितले होते. नवऱ्यानं शांतपणे, बारीक अक्षरात, त्यातले एक कोटी सत्तर लाख नाहीसे केले होते.

"तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"सरासरीच्या," तो म्हणाला, आणि लगेच त्याला हे बोलायला नको होतं असं वाटलं.

दादाला मात्र आता जावई एकदम आवडू लागला होता. "जावईबापू, तुम्ही फार आधी बोलायला हवं होतं," तो म्हणत होता. बाळही हळूच दादाकडे सरकला. त्रेचाळीस लाख म्हणजे कारखाना बंद पडणार नाही, आणि महिन्याच्या महिन्याला त्याला मिळतं तेही चालू राहील. ताईनं पाहिलं, सकाळी टेबल दोन विरुद्ध एक होतं, तसंच ते आताही होतं. फक्त एकटी पडणारी आता ती होती.

"थांबा हं," जावई म्हणाला. त्यानं चौथ्या वर्षाचा ताळेबंद पुन्हा पुढे ओढला होता. "दादा, ह्यात 'इतर उत्पन्न' म्हणून वीस लाख आहेत. शिट्ट्यांचा त्यात बारा लाख तोटा आहे, आणि हे वीस धरून आठ नफा झालाय. हे इतर म्हणजे काय?"

"ते होय," दादा म्हणाला. "भंगार विकलं होतं."

"वीस लाखांचं?"

"जुनं भंगार होतं. वजनाला भारी."

"भंगार?" आई म्हणाली.

तिनं तो शब्द फार हळू उच्चारला होता, पण बाळच्या शिट्टीनं थांबली नव्हती इतकी खोली थांबली.

"माझ्या पियानोला तू भंगार म्हणतोस?"

*

आई रागावली नव्हती, निदान पैशांसाठी तरी नाही. पियानो तिनं स्वतःच्या मर्जीनं विकला होता. सात वर्षांपूर्वी दादा एका दुपारी आला होता आणि बूट न काढता त्या पियानोच्या बाकावर बसला होता. एक लाख शिट्ट्या परत आल्या होत्या. मुलाम्याचा थर जाड बसला आणि फटी बुजल्या. एक लाख शिट्ट्यांतली एकही वाजेना. तीन महिन्यांचे पगार थकले होते. 'बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं?' असं त्यानं विचारलं होतं. बाबांनी काहीच केलं नसतं, ते झोपले असते, हे आईला ठाऊक होतं. तिनं तिच्या वडिलांनी दिलेला, चार माणसांनाही न उचलणारा तो मोठा पियानो एका संगीतशाळेला विकला आणि पैसे दादाला दिले. चपला नंतर घेता येतात.

पण भंगार?

"मग काय लिहू?" दादा काकुळतीला आला होता. "ताळेबंदात 'आई' असं लिहिता येत नाही गं."

"पण पियानो तर दुरुस्तीला गेलाय," बाळ म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"सात वर्षं?" ताई म्हणाली.

"मला वाटलं, मोठी दुरुस्ती असेल."

"आणि मी काय वेगळी?" ताई अचानक म्हणाली. "मीही तेच मानलं. दर खेपेला इथे येते, ती भिंत रिकामी बघते, आणि मनात म्हणते, अजून आला नाही वाटतं." मग ती दादाकडे वळली. "तू आम्हाला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असता, दादाला कारखाना चालवता येत नाही."

"म्हणालो असतो," बाळनं कबूल केलं.

जावई मात्र घरातल्या या वादळातही बेरीज करत होता; वादळात नोंद घेणं हेच त्यानं आयुष्यभर केलं होतं. "पियानो ही कारखान्याची कमाई नव्हे," तो म्हणाला. "चौथं वर्ष बारा लाख तोट्याचं धरावं लागेल. आजच्या मापानं एकोणीस. सरासरी दहाच्या खाली येते. किंमत अठ्ठ्याण्णव लाख. तिसरा हिस्सा साधारण तेहतीस." त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "आणि पियानोचे वीस लाख त्याच मापानं आजचे बत्तीस."

ते दोन आकडे कागदावर एकाखाली एक उभे होते. आईला आकड्यांचं फारसं कळत नव्हतं, पण शेजारी शेजारी बसवलेल्या दोन माणसांत साम्य कुठे आहे, हे तिला नेहमी लगेच कळायचं.

"म्हणजे," ती म्हणाली, "माझा पियानो आणि कारखान्याचा तिसरा हिस्सा, एकाच किमतीचे."

"जवळजवळ. पण आई, कारखाना तुमचे पैसे देणं लागतो असं धरलं, तर कारखान्याची किंमत आणखी उतरते, मग तिसरा हिस्साही उतरतो, मग पियानो हिश्शापेक्षा मोठा होतो, मग..." तो नव्या कागदाकडे हात नेऊ लागला.

"तो कागद खाली ठेवा," आई म्हणाली. जावयानं ठेवला. "अस्वलाचे चौसष्ट लाख बँकेत आहेत ना?"

"आहेत," दादा म्हणाला. "पण त्यात मला नवा प्रेस घ्यायचाय, तीस लाखांचा. जुन्यानं दोघांची बोटं खाल्लीत."

"प्रेस घे. तेहतीस ताईला दे. ताईचा हिस्सा माझ्या नावावर कर. त्याचे पैसे मी सात वर्षांपूर्वीच भरलेत."

उणे तीस लाखांपासून निघालेला दादा इथवर येऊन पोहोचला होता, आणि वाटेत आईच त्याची भागीदार झाली होती.

"मी आईबरोबर," बाळ म्हणाला. दिवसभरात तो तिसरी बाजू घेत होता, पण या वेळी त्याला कुणी हटकलं नाही.

*

कागद जावयानंच लिहिला. ताईनं तो वाचला आणि पेन घेतलं.

सही वाकडी आली. नुसती वाकडी नाही. पहिलं अक्षर ओळीवर होतं आणि शेवटचं दोन बोटं खाली घसरलं होतं.

"ताई, ही सही बँक घेणार नाही," बाळ हसत म्हणाला. मग त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

"दुसरा कागद द्या," ताई म्हणाली. दुसऱ्यावरही तसंच झालं. जावई खिडकीबाहेर बघत राहिला.

"आठ महिने झाले," ती शेवटी म्हणाली. "आधी करंगळी, आता सगळा पंजा. परवा एका माणसाच्या चांगल्या दाताला यंत्र लावत होते. थोडक्यात वाचला बिचारा. महिनाअखेर दवाखाना बंद करतेय."

"मला सांगितलं नाहीस," आई म्हणाली.

"तू पियानोचं सांगितलंस?"

आईनं खुर्ची सरकवली, ताईच्या मनगटावर आपला हात ठेवला आणि तो तिथेच दाबून धरला. तिसरी सही त्या दोन हातांनी मिळून केली. ती सरळ आली नाही, पण ओळ सोडून गेली नाही.

थोड्या वेळानं ताई बाहेर जिन्यात जाऊन बसली. दार उघडून दादा आला आणि दोन पायऱ्या वर उभा राहिला.

"आधीचा आकडा धरू का?" तो म्हणाला. "त्रेचाळीस. प्रेस हप्त्यानं घेईन."

"नको."

"अगं, पण..."

"तुझे मेहुणे पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू करतील. आणि पुन्हा काहीतरी सापडेल."

दादानं मान डोलावली. मग दाराकडे एक नजर टाकली, ते ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"सहाव्या वर्षात सापडेल."

ताईनं वळून पाहिलं. "काय?"

"बाबांची मोटार चोरीला गेली नव्हती."

"कितीला विकलीस?"

"साडेचार लाखांना. तेव्हाचे."

ती दातांची डॉक्टर होती, पण दिवसभरात हिशेब अंगवळणी पडला होता. आजच्या मापानं सहाच्या वर, तिसरा हिस्सा दोन. "म्हणजे माझ्या तेहतिसातले दोन लाख खोटे आहेत."

"म्हणून तर वर बोललो नाही."

सकाळी हाच माणूस तिच्याकडून दहा लाख मागत होता. ताईला आधी हसू आलं, मग ते आवरेना. हात, खांदे, सगळंच थरथरू लागलं, आणि त्यात कुठला थरकाप कशाचा हे कळेनासं झालं. ती भिंतीकडे सरकली. दादा मोकळ्या झालेल्या जागेवर बसला.

"आणि बाळला मोटारीचं काय सांगितलंस?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"तो अजून दर महिन्याला चौकीत जाऊन चौकशी करतो," दादा म्हणाला.